तुम्ही विचारलंत म्हणून: फौजेची कमाई पार्लरच्या शाळेत का घातलीस?

गणपतीचा महाप्रसाद असो, डोहाळजेवण असो, हळदीकुंकू असो, अमेरिकेच्या आर्मीत चार वर्षं काढलेल्या मला हा प्रश्न गाठतोच. "सरकारने तुला शिक्षणाला एवढे पैसे दिले, आणि तू पार्लरचा कोर्स केलास?" विचारणाऱ्या काकूंच्या मनात वाईट काही नसतं, त्यांना खरंच हळहळ वाटते. इतकी वर्षं मी विषय बदलत आले. पण गेल्या महिन्यात इथल्याच टेक्सासमधल्या ऑस्टिनहून एका ताईंचा फोन आला. त्यांची मुलगी नेव्हीतली चार वर्षं संपवून घरी येतेय आणि तिला कॉस्मेटॉलॉजी, म्हणजे पार्लरचंच काम, शिकायचंय. "तिला अडवू का गं?" हे विचारताना त्यांचा आवाज भरून आला होता. तासभर बोललो, तरी बरंच सांगायचं राहिलं. ते इथे लिहिते.

सांगलीला मावशीचं पार्लर होतं, घराच्याच पुढच्या खोलीत, पडद्याआड. दहावीच्या सुट्टीत तिने मला दोरा धरायला शिकवलं. एक टोक दातात, मधला पीळ बोटांत, आणि नजर फक्त त्या एका केसावर. पुढे आईबाबांबरोबर टेक्सासला आले, ग्रीन कार्डावर आर्मीत भरती झाले आणि वर्दीत असतानाच इथली नागरिक झाले. घरात फौज नवी नव्हती, आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत हवालदार होते. मी चार वर्षं फोर्ट हूडला स्टोअर सांभाळलं आणि २०२० मध्ये सुटले.

माझं खरं शिक्षण मात्र बराकीत सुरू झालं होतं. तेव्हा बायकांच्या केसांचे नियम कडक होते. लांब केस असले की घट्ट अंबाडा, एक बट बाहेर दिसता कामा नये. पोटावर झोपून नेम धरला की तो अंबाडा मागून हेल्मेटला ढकलायचा आणि हेल्मेट डोळ्यांवर यायचं. रोज पहाटे जेल लावून ओढून बांधलेल्या केसांमुळे कपाळाची कड विरळ झालेल्या विशीतल्या मुली मी पाहिल्यात. पोनीटेलची मुभा आर्मीने २०२१ मध्ये दिली, तोवर माझी नोकरी संपलेली. रविवारी माझ्या खोलीबाहेर मुली थांबायच्या. कुणाला आयब्रो करून हव्या असायच्या, कुणाला डोकं दुखणार नाही असा अंबाडा. अलाबामाच्या एका सार्जंटने मला तिच्या कुरळ्या केसांत कशी वेणी घालायची ते शेजारी बसवून शिकवलं. दिवसभर हुकूम झेलणारी मुलगी कुणीतरी केसांतून हात फिरवला की पाच मिनिटांत गप्प होते, कधी रडते. ते काम मला सोडायचं नव्हतं.

आता पैशांचं. जीआय बिल म्हणजे सैन्यात सेवा केल्यावर मिळणारा शिक्षणाचा हक्क. आत्ताची योजना, पोस्ट नाइन इलेव्हन जीआय बिल, १ ऑगस्ट २००९ पासून लागू आहे. ३६ महिने सक्रिय सेवा झाली की पूर्ण हक्क मिळतो, कमी सेवेला त्या प्रमाणात. पूर्ण हक्क म्हणजे ३६ महिन्यांचं शिक्षण. फी सरकार थेट शाळेला देतं आणि घरभाडं विद्यार्थ्याच्या खात्यात येतं. हे फक्त कॉलेजसाठी असतं, हा आपल्या लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज. पहिला जीआय बिल राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी २२ जून १९४४ ला सही करून आणला. १९५६ पर्यंत त्याचा लाभ घेतलेल्या सुमारे ७८ लाख माणसांपैकी २२ लाखांच्या आसपास कॉलेजात गेली. उरलेली ५६ लाख धंदेशिक्षणात, कारखान्यात, शेतीच्या शिक्षणात गेली. म्हणजे हा कायदा हातांच्या कामाला पहिल्यापासून मान देत आलाय. मी पळवाट काढली नाही, मी सरळ मोठ्या रस्त्याने गेले.

ताईंनी विचारलं, "दोरा तर तुला येतच होता, मग शाळा कशाला?" बरोबर आहे. टेक्सासात नुसत्या थ्रेडिंगलाही पूर्वी ७५० तासांचं प्रशिक्षण घेऊन लायसन्स काढावं लागायचं. ते करणाऱ्या काही जणांनी, त्यात आपल्याकडची माणसं होती, राज्याविरुद्ध खटला लढवला. त्या ७५० तासांपैकी ३२० तासांपर्यंतच्या शिक्षणाचा त्यांच्या कामाशी संबंधच नाही, असं टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये म्हटलं आणि ती सक्ती गेली. आयब्रोपुरतं बोलायचं तर मी आर्मीतून सुटल्याच्या दुसऱ्या दिवशीच काम सुरू करू शकले असते. पण मला केस कापायचे होते, रंगवायचे होते, त्या विरळ झालेल्या कडा सांभाळायच्या होत्या. त्याला लायसन्स लागतं आणि त्यासाठी १००० तास.

त्या तासांत काय असतं हे कुणी विचारत नाही, म्हणून आवर्जून सांगते. केसांच्या रंगात मिसळायचा २० व्हॉल्यूम डेव्हलपर म्हणजे ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, ते केसाची वरची खवलं उघडून आत काय करतं, आधीच मेंदी लावलेल्या डोक्यावर घाई का करायची नाही. पर्म करताना, म्हणजे सरळ केस रसायनाने कुरळे करताना, केसातले गंधकाचे बंध तुटतात आणि पुन्हा जुळतात. टाळूवर पुळी आहे, कोंडा आहे की संसर्ग, आणि कुठल्या डोक्याला हात न लावता आधी डॉक्टरकडे पाठवायचं. कंगवे आणि कात्र्या जंतुनाशकात किती वेळ ठेवायच्या. मावशी हे सगळं अंदाजाने करायची आणि तिचा अंदाज पक्का होता. मला कारणंही कळली. रसायनशास्त्राचं पुस्तक जन्मात पहिल्यांदा मी आपणहून उघडलं.

आता ताईंच्या मुलीसाठी, जे मी ठेच लागून शिकले. शाळेच्या नावाला मान्यता आहे एवढ्यावर थांबू नका. मान्यता त्या शाखेला आणि त्या कोर्सला आहे का ते बघा. व्हेटरन्स अफेअर्स, म्हणजे माजी सैनिकांचं सरकारी खातं, त्याच्या वेबसाइटवर शाळांची तुलना करता येते. शाळेत कागदपत्रं पाठवणारा एक माणूस नेमलेला असतो, त्याला आधी भेटा. तो फोन उचलत नसेल तर पुढे पैसेही वेळेवर येणार नाहीत, असं समजा. हाताचं काम जास्त असलेल्या कोर्सला पूर्ण वेळ धरण्यासाठी आठवड्याला २२ तास लागतात, त्याखाली गेलात की भाडं घटतं. भाडं महिना संपल्यावर येतं, म्हणून पहिल्या दोन महिन्यांचे पैसे हाताशी ठेवा. नाताळात शाळा बंद, तर त्या दिवसांचं भाडंही बंद. पुस्तकं आणि साहित्याला अशा शाळांत महिन्याला जास्तीत जास्त ८३ डॉलर मिळतात. कात्र्या, ड्रायर, सरावाची डमी डोकी यांना ते पुरत नाहीत. महिनाअखेरीला फोनवर मेसेज येतो, शाळा चालू आहे का म्हणून. त्याला उत्तर द्यायचंच. लागोपाठ दोन महिने राहिलं की पैसे थांबतात.

माझ्या शाळेत प्रवेशाच्या वेळी "सगळं कव्हर आहे" असं हसत सांगितलं होतं. सांगलीला गेलेली आई डेंग्यूनंतर अशक्त झाली, तिच्यासाठी मला तीन आठवडे तिकडे जावं लागलं. परत आले तेव्हा शाळेशी केलेल्या कराराची तारीख उलटत होती आणि त्यापुढच्या प्रत्येक तासाला शाळा वेगळे पैसे लावत होती. ते मी माझ्या बचतीतून भरले. करारातलं ते कलम सहाव्या पानावर होतं. फौजेत कागद न वाचता सही करत नव्हते, इथे केली. त्या कलमावर बोट ठेवून त्यांना विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

मुलीला सेवेत झालेली दुखापत असेल, तर व्हेटरन्स अफेअर्सची पुनर्वसनाची वेगळी योजना आहे, चॅप्टर ३१ म्हणतात तिला. त्यात अवजारांचाही खर्च मिळू शकतो, म्हणून आधी तिची चौकशी करा. लायसन्सच्या परीक्षेची फीसुद्धा जीआय बिलातून परत मिळते, एका परीक्षेला २००० डॉलरपर्यंत. हे माझ्या वर्गात निम्म्या मुलींना माहीत नव्हतं.

आणि "सगळं त्यात गेलं" म्हणणाऱ्या काकूंसाठी हिशोब. १००० तास, आठवड्याला २५ धरले तर ४० आठवडे. ३६ महिन्यांपैकी नऊ-दहा खर्च झाले. राहिलेल्यांतून मी आता संध्याकाळी कम्युनिटी कॉलेजात अकाउंटिंग शिकतेय, कारण पार्लरमध्ये स्वतःची खुर्ची भाड्याने घेतली की वस्तूंचा, टिपांचा, कराचा हिशोब आपल्यालाच ठेवावा लागतो. १ जानेवारी २०१३ ला किंवा त्यानंतर सुटलेल्यांना हा हक्क वापरायला मुदतही नाही. ताईंच्या मुलीला चाळिशीत नर्सिंग करावंसं वाटलं तर उरलेले महिने तिची वाट पाहत असतील.

आजोबा सतरा वर्षांची नोकरी करून सुटले आणि साखर कारखान्याच्या गेटवर उभे राहिले. त्यांना बागकामाची फार हौस होती, कलमं सुरेख बांधायचे. तुम्हाला काय शिकायचंय, असं त्यांना कुणीच विचारलं नाही. मला विचारलं गेलं, फॉर्मवर छापलेला प्रश्न होता तो, आणि मी खरं उत्तर लिहिलं.

माझ्याकडे येणाऱ्या बायकांत बऱ्याच जणी माजी सैनिक आहेत. मागच्या आठवड्यात एक जण आली, वीस वर्षं अंबाडा बांधलेली. कानाच्या वरची जागा हाताने झाकून बसली होती. मी विचारलं नाही, मला ठाऊक होतं. खुर्ची आरशापासून फिरवली, आणि केस कसे कापले की ती जागा झाकली जाईल ते तिला हळूहळू सांगत कापले.

ताई, मुलीला अडवू नका. आणि ती ऑस्टिनला आली की इकडे पाठवा. माझं पहिलं डमी डोकं अजून कपाटात आहे, काळ्याभोर केसांचं. ते मी तिच्यासाठी धुऊन ठेवलंय.