त्रेखांदिरीची डावी बाजू

ग्रीसमध्ये मच्छीमाराने परवाना कायमचा परत केला की अनुदान मिळायचं. त्यासाठी वर्षानुवर्षं मुख्य अट असायची: बोट मोडायची. 1990च्या दशकापासून हजारो लाकडी होड्या अशा गेल्या. पोकलेन यायच्या आत बोटीची मापं घेऊन तिचा नकाशा काढणं हे आमचं काम.

ही त्रेखांदिरी, म्हणजे ग्रीक लाकडी होडी, नऊ मीटरची होती. एजियन समुद्रात ही जात सगळीकडे दिसते. पहिली 1658 साली हायड्रा बेटावर बांधली, असं तिकडे सांगतात. दोन्ही टोकं निमुळती, पुढच्या-मागच्या टोकाचा उभा दांडा वळणदार, रुंदी लांबीच्या साधारण तिसरा हिस्सा. पेरामा नावाच्या होडीचा पुढचा दांडा सरळ तिरका असतो आणि नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, आडवी फळी असते, त्यामुळे दोघी लांबूनही वेगळ्या ओळखू येतात. धक्क्यावर फोटो काढणाऱ्यांना मात्र सगळ्या निळ्या-पांढऱ्या होड्या सारख्याच.

मापं घेताना आधी कण्याखालून, म्हणजे तळाच्या मधल्या लांब लाकडाखालून, दोरी ताणायची. जुन्या बोटीचा कणा सरळ नसतोच. टोकांखाली पाण्याचा आधार कमी, वजन मात्र असतंच, म्हणून वर्षानुवर्षांत टोकं खाली झुकतात आणि मधला भाग वर राहतो. इथे मध्यावर दोरी आणि कण्यात 35 मिलिमीटरची फट होती. ती लिहून ठेवायची, नाहीतर नकाशात वाकलेली बोटच नवी म्हणून उतरते. मग कण्यावर दर 60 सेंटिमीटरला खूण, प्रत्येक खुणेपाशी कण्याशी काटकोनात उभी पट्टी, आणि पट्टीपासून फळीपर्यंतचं आडवं अंतर दर 10 सेंटिमीटर उंचीला. वारा असेल तर ओळंब्याचं वजन पाण्याच्या बादलीत सोडायचं, म्हणजे ते हलत नाही. पडताळणीसाठी शेवटी तिरकी मापंही घ्यायची. फळीची 24 मिलिमीटर जाडी नंतर वजा होते, कारण सुताराने आकार दिला तो बरगड्यांना, फळ्या त्यावर आल्या.

हल्ली लेझर स्कॅनरवाले अर्ध्या तासात लाखो ठिपके घेऊन जातात. पृष्ठभाग अचूक येतो, वाद नाही. पण बरगडी कुठल्या क्रमाने उभी केली, हे ठिपक्यांत नसतं.

एजियन सुतार कागदावर बोट काढत नसत. मधल्या बरगडीच्या वळणाचा एकच लाकडी साचा, त्याला मोनोख्नारो म्हणतात. त्यावर खुणा असतात. पुढच्या-मागच्या बरगडीसाठी तोच साचा एकेक खूण आत आणि वर सरकवायचा, की बोट आपोआप निमुळती होत जाते. अगदी टोकाच्या बरगड्या मात्र साच्यातून येत नाहीत. लवचिक पट्ट्या वाकवून त्यांचा आकार डोळ्यांनी ठरवतात. आपल्याकडे कोकणातही कागदाशिवाय बोटी बांधणारे आहेत, तेव्हा मराठी वाचकाला यात नवल वाटायला नको.

म्हणून मधल्या बरगडीचा आकार पुठ्ठ्यावर कापून घेतला आणि तो इतर बरगड्यांवर सरकवून पाहिला. उजव्या बाजूला प्रत्येक ठिकाणी चपखल बसला. डाव्या बाजूला मागून चौथ्या-पाचव्या बरगडीपाशी वळण तेच, पण तळाशी हाताच्या दोन बोटांच्या रुंदीइतकं बाहेर. बोट वयाने पिळवटली असती तर वळण बिघडलं असतं आणि जोडातलं कलाफतीचं, म्हणजे फटी बुजवायचं, सूत उघडं पडलं असतं. तसं काहीच नव्हतं. म्हणजे डावी बाजू मुळातच फुगीर बांधलेली.

सोबतच्या तज्ज्ञाने लगेच 'सुताराची चूक' असा शेरा लिहिला. ज्याने एका साच्यातून अख्खी बोट उभी केली, तो सलग दोन बरगड्यांवर सारखाच चुकेल?

पोकलेनच्या बादलीने मधोमध दाब दिला तेव्हा बोट लगेच फुटली नाही. फळ्या खिळ्यांसकट बरगड्यांवरून उपटून निघाल्या, जस्ताचा थर गेलेल्या खिळ्यांभोवती लाकूड काळं पडलेलं होतं. ढिगाऱ्यातून डावीकडच्या त्या दोन बरगड्या आम्ही बाजूला काढल्या. तळाच्या लाकडावर, एरवी डांबराखाली झाकलेल्या जागी, टोच्याने ओढलेल्या दोन रेघा होत्या. एक साच्याच्या क्रमातली. दुसरी तिच्याबाहेर बरोबर दोन बोटांवर. आतल्या रेघेवर फुली मारलेली. म्हणजे चूक नाही, ठरवून केलेला बदल. कशासाठी, ते मात्र अजून सुटत नाही. जाळी उजवीकडून ओढत, आणि तिथल्या एका म्हाताऱ्या सुताराचं म्हणणं की त्या वजनाला तोल म्हणून. पण फुगवटा डावीकडे असेल तर तरंगण्याचा जोरही तिथेच वाढतो, आणि बोट उजवीकडे आणखी झुकेल. इंजिनाचा पाया मध्यापासून सरकलेला असता तर पटलं असतं, पण तो मधोमधच होता.

2014च्या युरोपीय मत्स्यनिधीच्या नियमांत सवलत आली: पारंपरिक लाकडी बोट न मोडताही अनुदान, पण तिने वारसा म्हणून जमिनीवरच राहायचं होतं. फळीला फळी भिडवून बांधलेली बोट पाण्यामुळे फुगून घट्ट राहते. उन्हात ठेवली की फळ्या आकसतात, सूत सैल पडतं, फटींतून पावसाचं पाणी शिरतं आणि गोडं पाणी पाइनचं लाकूड खाऱ्यापेक्षा लवकर कुजवतं. हा नियम लिहिताना एखाद्या सुताराला विचारलं असतं तर बरं झालं असतं.

नकाशात रिवाजाप्रमाणे अर्धी बोट काढतात आणि दुसरी बाजू आरशासारखी धरतात. नकाशा मागवणाऱ्या कार्यालयाने तसाच मागितला होता. आम्ही दोन्ही बाजू स्वतंत्र काढल्या, मापांचे दोन तक्ते दिले, फुलीच्या रेघेचा फोटो जोडला. कार्यालयाने डावा तक्ता 'परिशिष्ट' म्हणून मागे टाकला. त्या नकाशावरून कोणी बोट बांधायला घेतलीच, तर मागून चौथी आणि पाचवी बरगडी परिशिष्ट पाहूनच कापावी.