जेम्सटाउन: जिथं पाद्र्याचा पगार तंबाखूत मोजला जाई

वॉशिंग्टन किंवा रिचमंडला मुलांकडे आलेली आपली मंडळी विल्यम्सबर्ग हमखास बघतात, पण जेम्सटाउन, व्हर्जिनियातली इंग्रजांची अमेरिकेतली पहिली टिकलेली वसाहत, परतीच्या वाटेवर तासाभरात उरकतात. तसं करू नका, त्याला अख्खा दिवस द्या.

जेम्सटाउन नावाची दोन ठिकाणं आहेत आणि तिकिटंही वेगवेगळी. ‘जेम्सटाउन सेटलमेंट’ हे संग्रहालय. तिथं गलबतं आणि गढीच्या प्रतिकृती आहेत, लहान मुलं रमतात. ‘हिस्टॉरिक जेम्सटाउन’ ही नदीकाठच्या बेटावरची खरी जागा, १६०७ साली १०४ इंग्रज पुरुष आणि मुलगे उतरले ती. एकच जमणार असेल तर हीच बघा. नॅशनल पार्कचा वार्षिक पास असला तरी प्रवेशशुल्काचा एक भाग वेगळा भरावा लागतो.

ही माणसं लंडनच्या व्हर्जिनिया कंपनीच्या भागधारकांच्या पैशावर आली होती. कंपनीचा खजिनदार झालेला सर थॉमस स्मिथ हाच ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर. सुरतेच्या वखारीला आणि या गढीला भांडवल पुरवणारं वर्तुळ एकच होतं, हे लक्षात आलं की इथली प्रत्येक गोष्ट ओळखीची वाटू लागते.

सोनं काही सापडलं नाही. काच करून पाहिली, तीही चालली नाही. १६०९-१०च्या हिवाळ्यात उपासमारीनं गढीतल्या सुमारे ३०० जणांपैकी ६०च उरले. त्यानंतर कडक कायदे आले. रोज दोनदा प्रार्थनेला हजर राहायचं. पहिल्यांदा चुकलात तर त्या दिवसाचा शिधा बंद, दुसऱ्यांदा फटके. धान्याचं कोठार आणि चर्चची घंटा एकाच कंपनीच्या हातात होती.

१६०८च्या चर्चची जागा २०१० साली उत्खननात सापडली. तिथं जरा थांबा. कुडाच्या भिंतींचं साधं बांधकाम होतं ते. १६१४ साली इथल्या मूळ रहिवाशांच्या प्रमुखाची मुलगी पोकाहोंटस आणि इंग्रज जॉन रॉल्फ यांचं लग्न इथंच लागलं. हाच रॉल्फ तंबाखू पिकवणारा, ज्याच्या पिकानं वसाहत तगली. पुढच्या, १६१७च्या चर्चमध्ये १६१९ साली पहिली विधानसभा भरली. तिनं रविवारची हजेरी सक्तीची केली आणि तंबाखूचा भावही ठरवला: उत्तम पानाला पौंडभर वजनामागे तीन शिलिंग. तंबाखू हेच चलन झालं. १६९६च्या कायद्यानं पाद्र्याचा वार्षिक पगार १६ हजार पौंड तंबाखू, म्हणजे जवळपास सव्वासात टन ठरला. वजन सगळीकडे तेच, पण हलक्या पानाला भाव कमी; मग तशा पानाच्या परगण्यात चांगला पाद्री कशाला टिकेल?

ही तंबाखू कुणाच्या घामावर उभी राहिली, तेही इथं नीट वाचा. १६१९ सालीच पळवून आणलेले आफ्रिकी लोक व्हर्जिनियात विकले गेले. माणूस आणला की आणणाऱ्याला ५० एकर जमीन मिळे. अशी जमीन मिळवण्यासाठी दिलेल्या १६३५ सालच्या एका नावांच्या यादीत ‘टोनी, ईस्ट इंडियन’ अशी नोंद आहे. आपल्याकडच्या कुठल्या किनाऱ्यावरचा असेल तो? माझ्या डोक्यातून हा प्रश्न जात नाही.

उत्खननातल्या वस्तूंचं संग्रहालय, आर्किएरियम, चुकवू नका. वसाहतीच्या सुरुवातीच्या पुढाऱ्यांपैकी एक असलेल्या गॅब्रिएल आर्चरच्या शवपेटीवर ठेवलेली चांदीची षट्कोनी डबी तिथं आहे; मुठीत मावेल एवढीशी, झाकणावर ओरखडून काढलेलं ‘एम’ अक्षर. ती उघडलेली नाही. स्कॅनमध्ये आत हाडांचे सात तुकडे दिसले. कॅथलिक पंथाला बंदी असलेल्या वसाहतीत, चर्चच्या गाभाऱ्यातच कुणीतरी ही कॅथलिक धाटणीची, संतांचे अवशेष जपतात तशी डबी पुरली! माझ्या मते सगळ्या बेटावरची सर्वात बोलकी वस्तू हीच.

जायला स्वतःची गाडी हवी. विल्यम्सबर्गहून कलोनियल पार्कवेनं या. टोल नाही, पण वाटेत पेट्रोल पंपही नाही. जुलै-ऑगस्टमध्ये उकाडा आणि डास दोन्ही फार, त्यामुळे एप्रिल किंवा ऑक्टोबर बरा. नदी ओलांडणारी गाड्यांची फेरी फुकट आहे. पलीकडे जाऊन परत या, म्हणजे गलबतांतून ही जागा कशी दिसली असेल याचा अंदाज येतो.