राइश्टागमध्ये बाबांनी वाचलेली भिंत

बर्लिनमधल्या जर्मन संसदेच्या इमारतीत, म्हणजे राइश्टागमध्ये, बहुतेक लोक काचेच्या घुमटासाठी जातात. आम्हीही त्यासाठीच निघालो होतो. प्रवेश फुकट असतो, पण नाव आधी नोंदवावं लागतं आणि दारात पासपोर्ट दाखवावा लागतो. आईचा पासपोर्ट हॉटेलात राहिला. चूक माझी, आणि उन्हातून परत चालावं लागलं ते सत्तरीच्या आई-बाबांना. याचं मला अजून वाईट वाटतं. नंतर घुमटाची वेळ मिळेना. दोन दिवसांनी इमारत आतून दाखवणाऱ्या फेरीत तीन जागा मिळाल्या, त्या घेतल्या.

त्या फेरीत एका मार्गिकेत दगडी भिंतीवर कोळशाने आणि रंगीत खडूने खरडलेली अक्षरं दिसली. मला वाटलं, दुरुस्ती चालू असेल. फेरी दाखवणाऱ्या बाईंनी सांगितलं, हे मे १९४५ मधलं आहे. बर्लिन पडल्यावर सोव्हिएत सैनिक इथे शिरले आणि हाताला येईल त्याने आपली नावं, गावं, तारखा लिहून गेले. १९६०च्या दशकातल्या डागडुजीत ही भिंत झाकली गेली. वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांनी १९९०च्या दशकात इमारत नव्याने बांधायला घेतली, तेव्हा आवरणं निघाली आणि अक्षरं पुन्हा वर आली. अश्लील होतं तेवढं काढलं, बाकीचं ठेवलं. पुढे काही खासदारांनी हे कमी करा म्हणून आग्रह धरला, पण संसदेने ऐकलं नाही.

बाबा एव्हाना भिंतीपाशी पोचले होते. ते नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात मिग विमानांवर काम करायचे. रशियन त्यांना बोलता येत नाही, पण विमानांच्या रशियन नकाशांवरची अक्षरं डोक्यात पक्की बसलेली. "का... व... का... ज," ते हळूहळू लावत होते. "तो बी दिसतो ना, तो व आहे गं. कॉकेशस! आणि पुढे बर्लिन." बोट भिंतीपासून वीतभर लांब धरून ते पुढची ओळ लावू लागले. कॉकेशसपासून इथवर एवढा रस्ता तो माणूस लढत आला होता, आणि पोचल्यावर त्याने फक्त कुठून निघालो, कुठे पोचलो एवढंच लिहिलं.

आई म्हणाली, "अहो, पण हे यांनी पुसलं कसं नाही? आपल्या घराच्या भिंतीवर असं कोणी ठेवेल का?"

बाबा तिच्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "रोज खासदार इथूनच जात असतील."

मला ते वाक्य फार लागलं. जिंकल्याच्या खुणा सगळेच देश जपतात. पण जिंकून आलेल्याने आपल्या घरात केलेलं खरडकाम जपायचं, तेही कायदे जिथे होतात तिथे, याला वेगळंच काळीज लागतं. जर्मनीबद्दल मी जे वाचलं होतं, त्यातलं काहीच मला त्या भिंतीइतकं भिडलं नव्हतं.

फेरी संपल्यावर घुमटावरही गेलो. गोल चढणीवरून सभागृह पायाखाली दिसतं, लोक वर आणि प्रतिनिधी खाली, ही कल्पना चांगलीच आहे. पण तिथे फोटोसाठी इतकी रेटारेटी होती की आईला कठड्याला धरून चालावं लागलं. आणि त्या गर्दीतले कितीतरी जण भिंत न बघताच परतणार होते, हे मला खटकत राहिलं. तुम्ही गेलात तर आधी फेरीची जागा मिळवा, घुमट नंतर.

बाहेर पडलो तर रस्त्याच्या कडेला काळ्या, खडबडीत धारेच्या पट्ट्या ओळीने उभ्या. नाझींनी मारलेल्या ९६ लोकप्रतिनिधींचं ते स्मारक आहे. एकेका पट्टीच्या धारेवर एकेक नाव आणि मरणाचं ठिकाण. बाबांनी वाकून पाहिलं. "बीड आहे, ओतीव लोखंड," म्हणाले, आणि एका टोकापासून नावं वाचायला लागले. बसची वेळ झाली होती. आईने पर्स मांडीवर घेऊन जवळच बैठक मारली आणि मला म्हणाली, "थांब, सगळी वाचू दे त्यांना."