पूर्ण नाव

४ जून, रात्री

नातीची शाळा पंधरा तारखेला सुरू होतेय. त्यामुळे आठवडाभर घरात एकच पाठांतर चाललंय. "पूर्ण नाव सांग," म्हटलं की हात मागे बांधून उभी राहते आणि स्वतःचं नाव, बाबाचं नाव, आडनाव एका दमात म्हणते. मधलं बाबाचं नाव राहिलं की आपणच थांबते, "चुकलं" म्हणते आणि पुन्हा पहिल्यापासून. पत्ताही पाठ झालाय. कुठे हरवलीच तर कुणीही घरी आणून सोडावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

दुपारी ती झोपली की मी सॉल फ्रीडलेंडर यांच्या आठवणी वाचते. नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचे हे इतिहासकार, स्वतः लहानपणी त्यातून वाचलेले. मूळ फ्रेंच पुस्तक १९७८ सालचं, माझ्याकडे इंग्रजी भाषांतर आहे. त्यातल्या मुलाचा जीव वाचावा म्हणून त्याला नेमकं उलटं शिकवावं लागलं. स्वतःचं नाव विसर. आईबाबांचं नाव कुणापाशी काढू नकोस.

तो मुलगा म्हणजे सॉलच, तेव्हाचं नाव पावेल. १९३२ साली प्रागमध्ये जन्मला. घर ज्यू, पण जर्मन बोलणारं, सुखवस्तू, धर्माचं फारसं काही न पाळणारं. मार्च १९३९ मध्ये हिटलरचं सैन्य प्रागमध्ये शिरलं आणि आईवडील आणि तो, तिघं फ्रान्सला गेले. तिथे पावेलचा पॉल झाला. १९४२ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये परदेशी ज्यूंची धरपकड सुरू झाली, तेव्हा आईवडिलांनी त्याला माँल्युसाँ गावातल्या एका कॅथलिक निवासी शाळेत ठेवलं. बाप्तिस्मा झाला, नाव पडलं पॉल-आन्री फेर्लां. आडनावासकट सगळं गेलं.

शाळेतून तो एकदा पळाला होता. वडील आजारी होते, त्याच गावातल्या इस्पितळात. पोरगं तिथे पोचलं आणि पलंगाचे गज घट्ट धरून बसलं. ती पकड आईवडिलांनाच सोडवावी लागली. मी बालवाडीत तीस वर्षं काढली. जूनच्या पहिल्या दिवशी आईच्या पदराला, ओढणीला चिकटलेली किती बोटं मी एकेक करून सोडवली असतील! पण माझ्या तोंडी "आई साडेअकराला येणार हं" असायचं आणि ते खरं असायचं. ते पान वाचल्यावर पुढे वाचवेना. पुस्तक पालथं घालून गॅलरीत जाऊन उभी राहिले.

५ जून

काल जे लिहवलं नाही ते आज लिहिते. मुलाला सुरक्षित ठेवून ते दोघं सप्टेंबर १९४२ मध्ये डोंगरातून स्वित्झर्लंडच्या हद्दीत शिरले. पकडले गेले. त्या दिवसांत लहान मूल बरोबर असलेल्या जोडप्यांना स्विस राहू देत होते आणि नुसत्या नवराबायकोला परत पाठवत होते. यांचं मूल तर मागे, शाळेत. दोघांना फ्रेंच पोलिसांच्या ताब्यात दिलं. तिथून आउश्वित्झ, नाझींची मृत्युछावणी.

मुलगा बरोबर असता तर कदाचित तिघंही वाचले असते. हे त्या मुलाला मोठेपणी कळलं आणि त्यांनी ते लिहिलं, आवाज न चढवता. मला वाटतं, या लिखाणातलं सगळ्यांत अवघड काम हेच असेल. आईवडिलांनी विचार करून, काळजावर दगड ठेवून घेतलेला निर्णय चुकीचा होता असं म्हणायचं नाही, आणि बरोबर होता असंही म्हणता येत नाही.

युद्ध संपल्यावर पॉल-आन्री पाद्री व्हायला निघाला होता. सेंत-एत्येनमधल्या एका जेझुइट (कॅथलिकांतल्या एका संघाच्या) पाद्र्यांनी त्याला समोर बसवून आउश्वित्झमध्ये काय झालं ते सांगितलं. आपले आईबाप कसे गेले हे त्याला तेव्हा, चौदाच्या आसपास वय असताना समजलं. ते पाद्री गप्प राहिले असते तर चर्चला एक हुशार मुलगा मिळाला असता. ते गप्प राहिले नाहीत. या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

९ जून

व्हिएन्नाच्या रूथ क्लूगर, याही लहानपणी छावणीतून वाचलेल्या. त्यांच्या आठवणींचं पुस्तक वाचून झालं. त्यांचा स्वभावच वेगळा. वाचणाऱ्याला डोळे पुसायला सवड देत नाहीत, उलट त्याच्याशी भांडतात. १९९२ मध्ये पुस्तक जर्मनमध्ये आलं. इंग्रजीत मात्र आई जिवंत असेपर्यंत येऊ दिलं नाही, कारण आईबद्दल जे खरं वाटलं ते सगळं त्यात आहे.

त्यातलं एक दृश्य डोळ्यांपुढून हलत नाही. १९४४ चा उन्हाळा, आउश्वित्झचाच भाग असलेली बिर्केनाऊ छावणी. मजुरीच्या छावणीत पाठवण्यासाठी पंधरा ते पंचेचाळीस वयाच्या बायका निवडताहेत. रूथ बारा वर्षांची. पहिल्या रांगेत तिला नाकारलं. आई म्हणते, दुसऱ्या रांगेत जा आणि पंधरा सांग. पोरीला ते पटत नाही. एवढं मोठं खोटं कोण मानेल? फार तर तेरा सांगेन म्हणते. शेवटी जाते. तिथे टिपणं घेणारी एक तरुण बाई, तीही कैदीच, उठून जवळ येते, हळूच वय विचारते आणि "पंधरा सांग" म्हणते. अधिकारी म्हणतो, ही तर केवढीशी आहे. ती बाई म्हणते, अंगानं मजबूत आहे, पोटऱ्या बघा तिच्या. तो मान डोलावतो. बाई आकडा लिहून घेते.

त्या बाईची आणि रूथची ओळखदेख नव्हती, पुढेही कधी भेट नाही. असं करण्यात तिचा स्वतःचा जीव धोक्यात होता. क्लूगर या प्रसंगाकडे पुन्हा पुन्हा वळतात आणि "त्या काळी माणुसकीही होती" असल्या सोयीच्या वाक्यावर कुणालाही टेकू देत नाहीत. त्या बाईनं जे केलं ते तिनं केलं. त्याचं श्रेय दुसऱ्या कुणाला नाही.

सुमारे पंधरा लाख ज्यू मुलं मारली गेली. मी ज्यांचं वाचतेय ती सगळी अपवाद आहेत, हे प्रत्येक पुस्तक उघडताना स्वतःला बजावावं लागतं.

१२ जून

खोटं नाव, खोटं वय, खोटी प्रार्थना. या मुलांनी जगण्यासाठी खोटं बोलणं शिकून घेतलं आणि मोठेपणी लिहायला बसल्यावर एकेक शब्द पारखून घेतला. फ्रेंच लेखक जॉर्ज पेरेक यांचं उदाहरण घ्यावं. वडील १९४० मध्ये आघाडीवर मारले गेले. आईनं पाच-सहा वर्षांच्या जॉर्जला पॅरिसच्या एका स्टेशनावर रेडक्रॉसच्या गाडीत बसवून दिलं. तीच शेवटची भेट. फेब्रुवारी १९४३ मध्ये आईला आउश्वित्झला नेलं. पेरेकना आठवतं ते इतकंच: आईनं एक चित्रांचं मासिक घेऊन दिलं, मुखपृष्ठावर पॅराशूटला लटकलेला चार्ली चॅप्लिन, आणि आपला हात गळ्यात बांधलेला. आत्या म्हणते, हात बांधलेला नव्हताच. पेरेक दोन्ही लिहून ठेवतात. आईवडिलांबद्दल तरुणपणी लिहिलेला मजकूर जसाच्या तसा छापतात आणि त्याखाली टिपा देऊन स्वतःच्याच चुका दाखवतात. हे नाव चुकलं, ते मी ऐकीव लिहिलं, हे बहुतेक मनचं.

आईच्या शेवटच्या आठवणीतही चूक कबूल करायची, याला केवढं बळ लागत असेल! माझी आई जाऊन अकरा वर्षं झाली. तिच्या शेवटच्या दिवशीचं मी जे सांगत असते, त्यात भावाची आठवण वेगळी आहे. आजवर मी त्याला बोलू दिलेलं नाही. उद्या फोन करून त्याचं नीट ऐकून घेते.

१४ जून

उद्या शाळा. पाण्याच्या बाटलीवर, डब्यावर, दप्तराच्या आतल्या बाजूला नाव लिहून झालं. मार्करचा वास हाताला अजून येतोय. नात शेजारी बसून प्रत्येक अक्षर तपासत होती. टेबलावरच्या पुस्तकाकडे बोट करून म्हणाली, "आजी, हे कुणाचं आहे?"

"एका मुलाचं."

"त्याचं पूर्ण नाव काय?"

आपल्याकडच्या रीतीनं, मधे वडिलांचं नाव घालून, मी सांगितलं: पावेल यान फ्रीडलेंडर. तिनं एकदा म्हणून पाहिलं. 'यान' मधे राहून गेलं. "चुकलं," म्हणाली आणि पहिल्यापासून म्हटलं.