विहिरीचं पाणी, नळाचं पाणी आणि शेवटी मिठाचं पाणी

फिश टँक घ्यायचं ठरलं की आमच्या बेळगावात बहुतेक जण आधी दुकान गाठतात. काचेची टाकी, रंगीत खडे, दोन गोल्डफिश, आणि संध्याकाळी सोप्यात गर्दी. मी आधी पाणी तपासलं, कारण आमच्या टिळकवाडीच्या घरात पाणी तीन जातींचं. एक नळाचं, येईल त्या दिवशी. दुसरं मागच्या विहिरीचं, जी जांभ्यात खणलेली आहे. तिसरं टँकरचं, म्हणजे कुठल्या तरी बोअरचं. पेल्यात धरलं तर तिन्ही सारखीच.

थेंब टाकून रंग बघायचं किट येतं, त्यानं फरक कळला. विहिरीच्या पाण्याचा पीएच साडेसहाच्या आसपास आणि केएच, म्हणजे आम्ल पचवणारा कार्बोनेटचा साठा, जवळपास नाहीच. टँकरचं पाणी पीएच आठच्या घरात आणि चांगलंच जड, म्हणजे क्षारांचं. नळाचं या दोघांच्या मधलं, पण त्यात क्लोरीन. पावसाळ्यात तर बादली भरतानाच ब्लीचिंगचा वास येतो. क्लोरीनसाठी हायपोचे खडे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, दुकानात मिळतात. चिमूटभर टाकले की काम होतं. केएचचं प्रकरण मात्र मला तेव्हा तितकंसं महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

टाकी घेतली तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर सुमारे १९० लिटर. म्हणजे नुसतं पाणीच १९० किलो, वर काच, वाळू आणि लोखंडी स्टँड. आमची माडी लाकडी पाटणीची, त्यामुळे वर ठेवायचा प्रश्नच नव्हता. खाली सोप्यात, खिडकीपासून लांब, खाली थर्मोकोलचा शीट टाकून बसवली.

मग मासे न सोडता टाकी चालू ठेवायची. घरच्यांना हे पटवणं सगळ्यात अवघड. नुसतं पाणी बघायला कोण येणार? पण खरं काम तेव्हाच चाललेलं असतं. कुजणाऱ्या खाद्यातून आणि माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, जीवाणूंची एक जात त्याचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन माशांना विष, तिसरं बऱ्यापैकी सोसतं आणि पाणी बदललं की निघून जातं. हे जीवाणू फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करतात आणि त्यांना जम बसवायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मी रोज चिमूटभर खाद्य रिकाम्या टाकीत टाकत होतो. मित्राच्या जुन्या टाकीतला स्पंज पिळून निघालेलं काळं पाणीही ओतलं. ते बघून आईनं पदर नाकाला लावला आणि आत गेली. दुकानदाराला फोन केला की एकच उत्तर, "सर, अवसर माडब्याड्री." म्हणजे घाई करू नका.

अमोनिया वर गेला, उतरायला लागला, नायट्राइटच्या नळीत जांभळा रंग आला, आणि तिथंच सगळं अडकलं. दिवसामागून दिवस अमोनियाचा हिरवा रंग तसाच. शेवटी पीएच बघितला तर सहाच्या खाली. मग उलगडा झाला. अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं आणि ते पाण्यातला केएच खातं. टाकी भरली होती मुख्यतः विहिरीच्या पाण्यानं, त्यात खायला केएच होताच कुठं! तो संपल्यावर पीएच घसरला, आणि पीएच साडेसहाच्या खाली गेला की हे जीवाणू मंदावतात, सहाच्या आसपास जवळजवळ थांबतातच.

उपाय निघाला पोल्ट्रीवाल्यांकडे. कोंबड्यांच्या खाद्यात घालतात तो शिंपल्यांचा चुरा धुऊन, पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून फिल्टरमध्ये ठेवला. चुरा हळूहळू विरघळतो, पीएच चढतो, जीवाणू पुन्हा कामाला लागतात. टाकीत मासे असतील तर मात्र खाण्याचा सोडा भसकन टाकून पीएच चढवू नये. कमी पीएचला बराचसा अमोनिया अमोनियमच्या निरुपद्रवी रूपात असतो. पीएच एकदम वर गेला की तोच विष होऊन बसतो. जुन्या टाकीत पाणी बदलल्यावर मासे पटापट गेले अशा ज्या गोष्टी ऐकू येतात, त्यातल्या बऱ्याच या प्रकारातल्या असाव्यात असं मला वाटतं.

मासे निवडले पाणी बघून. मऊ पाण्याला निऑन टेट्रा, कॉरिडोरस, एंजल हे धार्जिणे. पुढं एंजल मोठा झाला की निऑनला खातो, म्हणून एंजल वगळला. निपाणीचा माझा मामेभाऊ बोअरच्या जड पाण्यात मॉली आणि गप्पी पाळतो, ती बेणी त्याच्याकडे नुसती वाढत असतात. तीच मॉली आमच्या विहिरीच्या पाण्यात पर मिटून एका कोपऱ्यात थरथरत राहते. पाण्याला मासा बघावा. माशासाठी पाणी वळवत बसलं तर रोज बाटल्या ओतत बसावं लागतं.

बेळगावची हवा मासेवाल्याला अर्धी अनुकूल. एप्रिलमध्ये टेबलफॅन पाण्याच्या पृष्ठभागावर सोडला की भागतं, मुंबईसारखा चिलर लागत नाही. पण डिसेंबर-जानेवारीच्या रात्री कडक, आणि पावसाळ्यातही पाणी बावीसला येऊन बसतं. लिटरला एक वॅट या हिशेबानं हिटर लावला. गार पडलेल्या टाकीत अंगावर साखरेच्या दाण्यासारखे पांढरे ठिपके येतात, तो परजीवी. ठिपके गेले म्हणून औषध थांबवायचं नाही, कारण औषध लागू पडतं ते परजीवी माशावरून सुटून पाण्यात पोहत असतो तेव्हाच.

गणपतीत एक काळजी घ्यावी लागते. हवेचा पंप खोलीतलीच हवा ओढतो, म्हणजे धूप, उदबत्ती, डासांची कॉइल सगळं पाण्यात. अकरा दिवस आमचा पंप मागच्या पडवीत असतो, लांब नळी टाकून. नळीत नॉन रिटर्न वाल्व मात्र हवाच, नाहीतर वीज गेली की पाणी उलटं येऊन जमिनीवर.

ही टाकी मार्गी लागल्यावर खाऱ्या पाण्याची हौस आली. चोर्ला घाटातून गोवा जवळ, तेव्हा जो तो म्हणायचा, समुद्राचं पाणीच आण की कॅन भरून. ते मी आणलं नाही. किनाऱ्याच्या पाण्यात सूक्ष्म जीव असतात, ते कॅनमध्ये मरून अमोनिया करतात, पावसाळ्यात नद्यांनी खारटपणा उतरतो, बोटींचं तेल वेगळंच. पिशवीतलं समुद्री मीठ आणि शुद्ध पाणी, हाच सरळ मार्ग. लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम मीठ. मीठ पाण्यात टाकायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही. तसं केलं तर कॅल्शियम साका होऊन बसतं आणि पाणी दुधाळ होतं. ड्रममध्ये पंप सोडून रात्रभर फिरवलं, सकाळी खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ बघितलं.

शुद्ध पाणी मिळवायला स्वयंपाकघरातला आरओ चालला नाही. त्यात चवीसाठी थोडं कच्चं पाणी मिसळायची सोय असते, त्यामुळे टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, शून्याला येत नाही. वेगळा आरओ आणि पुढं उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनची नळकांडी घ्यावी लागली. आणि इथं विहिरीनं आधीचं सगळं उसनं फेडलं. तिच्या पाण्यात क्षार मुळातच इतके कमी की रेझिन संपता संपत नाही. आरओतून वाया जाणारं पाणी धुण्याला आणि कुंड्यांना जातं.

खडक सुका घेतला. समुद्रातून उचललेल्या खडकावर प्रवाळ असू शकतं, आणि दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ पासून संरक्षित आहे, समुद्रघोडाही तसाच. मालवणला डुबकी मारून तुकडा आणला म्हणून फुशारकी मारणारे भेटतात. त्यांच्याकडून काही घेऊ नये. पुन्हा तेच जीवाणूंचं चक्र, मग काचेवर तपकिरी भुकटी, मग हिरवा केसाळ शेवाळ. टाकी अगदी ओंगळ दिसते, तेव्हा कुणाला घरी बोलावू नये. प्रोटीन स्किमर फेसातून घाण वर काढतो. त्याचा पेला धुताना नाक धरावं लागतं.

क्लाउनफिशची जोडी हॅचरीत पैदा झालेली मागवली. सीएमएफआरआय या केंद्रीय संस्थेनं या माशाचं पैदाशीचं तंत्र आपल्याकडे बसवलं आहे, तेव्हा समुद्रातून पकडलेला घ्यायचं कारणच नाही. मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत, थर्मोकोलच्या बॉक्समधून आले. पिशवी फोडून तासन्‌तास थेंब थेंब पाणी घालत बसलो नाही; तापमान जुळवून, खारटपणा बघून लवकर सोडले. प्रवासात पिशवीत अमोनिया साचलेला असतो, हवा लागली की पीएच चढून तो बाधतो. हे मासे सगळे नर म्हणूनच वाढतात. जोडीतला दांडगा पुढं मादी होतो. आमच्यातला कोण दांडगा हे खाद्य टाकलं की लगेच कळतं.

आता रोजचं काम म्हणजे आटलेलं पाणी भरणं. मीठ आटत नाही, म्हणून भर नेहमी बिनमिठाच्या शुद्ध पाण्याची. काचेवर मार्करची रेघ आहे. उन्हाळ्यात पंख्यामुळं रोज तांब्या-दोन तांबे लागतात, पावसाळ्यात रेघ हलत नाही. वीज गेल्यावर वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलतं ठेवणारा पंप, इन्व्हर्टरवर चालतो, हिटर मुद्दाम त्यावर घेतलेला नाही.

हे सगळं बघून निपाणीच्या भावालाही खाऱ्या टाकीची ओढ लागली. त्याच्या बोअरच्या पाण्यावर मीटर धरला तर टीडीएस ९०० च्या वर. म्हटलं, "दादा, तुझं रेझिन महिनाभर पण टिकायचं नाही." तेव्हापासून तो बेळगावला बाजाराला येतो तो गाडीत रिकामे कॅन टाकूनच, आणि आई त्याला चहाच्या आधी विहिरीवर पिटाळते.