मिटलेला डोळा

घोड्याचा डोळा मूळ चित्रकाराचा नाही, हे अतिनील दिवा लावल्यावर लगेच कळलं. जुनी तैलचित्रं दुरुस्त करणं हे माझं काम. अंधारात जुनं वार्निश हिरवट उजळतं, नंतरचं रंगकाम काळं पडतं. इथे डोळ्याच्या जागी नखाएवढा काळा डाग होता.

चित्र साधं, सही नसलेलं. एक म्हातारा घोड्याच्या कपाळाला कपाळ टेकवून उभा. घोड्याला कपाळासमोरचं दिसत नाही, कारण त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. म्हणजे म्हातारा नेमका त्याला न दिसणाऱ्या जागी उभा होता. एवढं ज्याला ठाऊक, त्या चित्रकाराने घोडे नीट पाहिले असणार.

चित्रांतला प्राणी आपण फार पटकन वाचून टाकतो. कुत्रा म्हणजे निष्ठा, कोकरू म्हणजे बलिदान. जुना इटालियन चित्रकार पिएरो दी कोसिमो याच्या एका चित्रात मरून पडलेल्या तरुणीच्या पायाशी तपकिरी कुत्रा बसला आहे. त्यालाही निष्ठेचं प्रतीक म्हणता येईल, पण मला तिथे फक्त शोक करणारा एक जीव दिसतो. जर्मन चित्रकार फ्रान्झ मार्कने तर रंगांनाच अर्थ दिले होते: निळा आत्मिक, पिवळा कोमल आणि आनंदी, लाल जड आणि क्रूर. त्याचे निळे घोडे त्यातूनच आले. जग प्राण्याच्या नजरेला कसं दिसत असेल, हा त्याचा ध्यास होता आणि मला तो कुठल्याही प्रतीकापेक्षा मोठा वाटतो.

चित्राच्या मालकीणबाईंना मी फोन केला. त्या म्हणाल्या, "लहानपणी मी कुठेही उभी राहिले तरी तो माझ्याकडेच बघायचा हो." मी गप्प झाले. मग म्हटलं, "खाली काय आहे ते आधी बघू या का?" त्यांनी बराच वेळ घेतला आणि हो म्हणाल्या.

सूक्ष्मदर्शकाखाली, काडीवरच्या कापसाला जेमतेम द्रावक लावून, तीळ तीळ पुसत गेले. दुपारी उघड्या डोळ्यातला पांढरा ठिपका गेला. मग बुबुळ गेलं. त्याच्याखाली एक बारीक तपकिरी कमान निघाली आणि तिच्या कडेला पापण्यांचे चार-पाच फटकारे. डोळा मिटलेला होता. माझा हात थांबला. सतत सावध असणारा प्राणी, समोरचं दिसत नसताना, डोळे मिटून उभा!

पापणीचा मधला भाग उडून गेला होता. मार्कचं १९१३चं 'प्राण्यांचं प्राक्तन' त्याच्या मृत्यूनंतर आगीत जळालं, तेव्हा त्याचा मित्र पाउल क्ले याने उजवीकडचा भाग जुन्या छायाचित्रांवरून रंगवला, पण तपकिरी छटेत. कुठलं मार्कचं आणि कुठलं नाही, हे आजही कळतं. मीही ती पापणी केसाएवढ्या उभ्या रेघांनी भरली. लांबून ती सलग दिसते, जवळ गेलं की रेघा सुट्या होतात. उद्या कुणाला पटलं नाही तर त्या पुसताही येतील.

बाई आल्या आणि चित्रासमोर बसून राहिल्या. "म्हणजे तो त्यांच्यापाशीच होता," एवढंच म्हणाल्या. निघताना त्यांनी उघड्या डोळ्याचा फोटो मागितला. पुसण्याआधी काढलेला होता, त्याची प्रत दिली. त्यांनी ती पदराने पुसून पिशवीत ठेवली.