गो, वेंट, गॉन

नमस्कार, मी १९८९ च्या दहावीची. स्मरणिकेसाठी लिही म्हणून मैत्रिणीचा फोन आला. स्नेहसंमेलन, सहल यावर बाकीचे लिहितीलच, मला आठवी ब मधल्या इंग्रजीच्या एका तासाबद्दल लिहायचंय.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून. आठवीत क्रियापदांची तीन रूपं पाठ करायला होती, घरी जाताना रस्त्यानं पण घोकत जायचो. वॉकचं वॉक्ड, प्लेचं प्लेड, म्हणून मी गोला ईडी लावून 'गोड' लिहिलं. सर वही बघून म्हणाले, "शब्द गोड आहे गं, पण चालत नाही." मी विचारलं, सर पण वेंट आलं कुठून, गोमधलं एक अक्षर तरी आहे का त्यात?

सर रागावले नाहीत. फळ्यावर लिहिलं सेंड सेंट, बेंड बेंट, लेंड लेंट, स्पेंड स्पेंट, आणि सगळ्यात खाली वेंड वेंट. वेंड म्हणजे मुळात वळणे, मग वाट धरणे, जाणे. वेंट हा त्याचा भूतकाळ. गोला जुन्या इंग्रजीत भूतकाळ होता 'एओदे', म्हणजे तो पण गोशी न जुळणाराच, आणि साधारण पंधराव्या शतकापर्यंत तो मागे पडून त्या जागी वेंट येऊन बसलं. वेंड आता फक्त 'वेंड युवर वे' असल्या बोलण्यात उरलंय आणि त्याला भूतकाळ पण नवा करून घ्यावा लागला, वेंडेड. स्कॉटलंडमध्ये मात्र लोक गोला 'गे' म्हणतात आणि त्याचा भूतकाळ 'गेड', म्हणजे माझ्या 'गोड'सारखाच की! हे ऐकून मला केवढा आनंद झाला होता.

मग सर म्हणाले, आता तू सांग, जातोचा भूतकाळ काय? म्हटलं गेला. "मग जा मधला ज कुठे गेला?" अख्खा वर्ग गप्प. तेरा वर्षं रोज बोलतोय आणि कधी लक्षातच आलं नव्हतं. जा आला संस्कृतच्या 'या' धातूवरून, याति, प्राकृतात जाइ, आणि गेला आला 'गम्'वरून, गत पासून. दोन वेगळ्या धातूंचा एक संसार. येतो आणि आला पण तसंच. सर म्हणाले, जे शब्द रोज तोंडात असतात तेच असे वाकडे राहतात, रोज कानावर पडतात म्हणून नियमात बसवायची कोणाला गरजच पडत नाही. त्या दिवसापासून मला इंग्रजीची भीती वाटली नाही. मला वाटतं व्याकरण असंच शिकवावं, आपल्या घरातून सुरू करून.

हॅज गॉन आणि हॅज बीन पण त्यांनी असंच एका वाक्यात सांगितलं, "पुण्याला गेलाय" आणि "पुण्याला जाऊन आलाय". पुढे नोकरीत एकदा साहेब चेन्नईहून परत आलेले असताना मी ईमेलमध्ये हॅज गॉन लिहिलं, समोरच्यांना वाटलं ते अजून तिकडेच आहेत आणि त्यांनी मीटिंगच पुढे ढकलली. तेव्हा सरांचं ते वाक्य आठवलं, त्यानंतर कधी चूक झाली नाही.

मागच्या महिन्यात अमेरिकेतल्या भाचीशी व्हिडिओ कॉल चालू होता, तिची चार वर्षांची मुलगी मध्येच येऊन सांगायला लागली, वी गोड टू द पार्क. भाची लगेच सुधारायला लागली. मी म्हटलं थांब गं, बोलू दे तिला, तिकडची बरीच मुलं लहानपणी काही दिवस असंच म्हणतात. तेवढ्यात पोरीनं कॅमेऱ्यासमोर चित्र धरलं आणि मराठीत म्हणाली, "आजी, हे मी करलं!"